मुकादमाची बदली

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

आत्या,

हे ई-मेल असलं तरी तुझ्या अटीप्रमाणे पत्रासारखं लिहिते आहे. वर गाव आणि तारीख, खाली नाव, मध्ये पूर्ण वाक्यं. माझे व्हॉट्सॲपवरचे निरोप तुला अर्धवट चघळून टाकल्यासारखे वाटतात, हे तू बाबांना सांगितलंस आणि बाबांनी ते लगेच माझ्यापर्यंत पोचवलं.

तर, तुझा मुकादम माझ्या गळ्यात पडला आहे. आमच्या संस्थेत तापीच्या पुराचं गणित अजून तुझ्याच मुकादमावर चालतं, हे तुला माहीत आहे का? नव्या मुलांना मी तो असा समजावते, चुकत असेन तर सांग. फोर्ट्रान ही आकडेमोडीत पटाईत पण बोलायला फार लांबण लावणारी जुनी भाषा. माझ्या आत्याने या संस्थेत नोकरीला असताना, लग्नाच्या आधी, स्वतःची एक छोटी भाषा केली. त्यात इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द लिहायचे : जर, नाहीतर, जोवर, पुरे. मग मुकादम नावाचा प्रोग्रॅम ते वाचतो आणि त्याचा रीतसर फोर्ट्रान लिहून देतो. आपण मुकादमाला थोडक्यात सांगायचं, फोर्ट्रानकडून राबवून घ्यायचं काम त्याचं.

जुनं मशीन डिसेंबरात बंद केलं आणि ते भंगारात गेलं. आता मुकादमाची बदली नव्या मशीनवर करायची आहे. माझे वरिष्ठ योगेश सर यांना कळलं की मुकादमवाल्या प्रतिभाबाई माझ्या आत्या, तेव्हा ते म्हणाले, मग घरचंच काम आहे, तूच बघ.

अडचण अशी की मुकादम स्वतःही तुझ्याच भाषेत लिहिलेला आहे. म्हणजे मुकादम उभा करायला आधी एक मुकादम हवा. घरात विरजण नसताना दही लावायला बसल्यासारखं झालं आहे. त्याचा तयार केलेला फोर्ट्रान कुठेतरी असायला हवा होता, पण तो काही सापडत नाही. तुझ्याकडे एखादी प्रत आहे का? पावसाळ्याआधी हे चाललं नाही तर तापीचं गणित कायमचं बासनात जाईल.

फुवांना नमस्कार. त्यांची केळी कशी आहेत?

प्राजक्ता


बुधवारा, बऱ्हाणपूर, ७ फेब्रुवारी २०२५

चि. प्राजक्ता,

पत्र वाचलं. फाइल ही काही चष्मा नव्हे, ती अशी सापडेनाशी होत नाही, कुणीतरी पुसते. कुणी पुसली?

माझ्याकडे प्रत नाही. लग्न होऊन पुण्याहून निघाले तेव्हा दोन ट्रंका होत्या. एकीत भांडी आणि दुसरीत साड्या, आणि सासरी येताना फोर्ट्रान घेऊन यावा असं मला कुणी सुचवलं नाही. मुकादम अजून कामावर आहे हे मात्र मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, मी निघाल्यावर वर्षभरात त्याला निवृत्त केलं असेल. मी इथल्या कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले आणि तो अजून राबतोच आहे, याची थोडी गंमत वाटली आणि थोडं वाईटही.

तू मुलांना सांगतेस ते बरोबर आहे. विरजणाचं म्हणशील, तर पहिल्या वेळी तरी विरजण कुठे होतं? पहिला मुकादम मी हातानेच उतरवला होता. आपल्या भाषेतली एक ओळ वाचायची, मुकादमाने तिचं काय केलं असतं ते डोक्यात आणायचं आणि तसा फोर्ट्रान कागदावर लिहायचा. म्हणजे काही दिवस आपणच मुकादम व्हायचं. पुन्हा होईन. तू मूळ लिखाण मोठ्या अक्षरांत छापून कुरियरने पाठव, ओळींच्या मध्ये भरपूर जागा सोड.

माझी तब्येत उत्तम. दिवाळीत जरा इंदूरला जाऊन आलो, बाकी नवीन काही नाही. तुकईथडला केळी छान आहेत, तुझे फुवा रोज सकाळी मळ्यात जातात आणि दुपारी दुकानात येऊन झोपतात.

आत्या


पुणे, १२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

मी पुसली. झालं समाधान?

पण माझंही ऐकून घे. आमच्या पिढीला शिकवलेलंच असं की माणसाने लिहिलेलं जपावं आणि मशीनने तयार केलेलं टाकून द्यावं, कारण ते केव्हाही पुन्हा तयार करता येतं. जुन्या मशीनवरून सामान हलवताना मी मोठ्या निष्ठेने सगळा तयार फोर्ट्रान वगळला. स्वतःलाच तयार करणारा प्रोग्रॅम तुझ्याशिवाय कुणी लिहिला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. योगेश सर तेव्हा माझ्या नीटनेटकेपणाचं कौतुक करत होते. आता ते फक्त चहा पितात आणि माझ्याकडे बघतात.

तरी घाबरू नकोस, मार्ग सापडला आहे. पायथॉन नावाच्या आजच्या भाषेत मी एक तात्पुरता मुकादम लिहिते. तो फक्त एकदा तुझ्या मुकादमाचा फोर्ट्रान करून देईल, की त्याला सुट्टी. आठवड्याभराचं काम. छापील कागद मी शनिवारीच पाठवले होते, ते आता रद्दीत दिलेस तरी चालेल. या वयात तुला असल्या किचकट कामाला बसवून मी पाप कशाला घेऊ? तू आराम कर, पापड कर, मालिका बघ.

प्राजक्ता


बऱ्हाणपूर, १९ फेब्रुवारी २०२५

बेटा प्राजक्ता,

फुवाचा आशीर्वाद. दुकानाच्या चिठ्ठ्या सोडून मी कधी काही लिहिलं नाही, सांभाळून घे. कागदावर लिहून फोटो पाठवतो आहे. तुझ्या आत्याला माहीत नाही की मी तुला लिहून राहिलो.

तिने तुला दिवाळीचं सांगितलं नाही ना? मला वाटलंच. धनतेरसच्या दिवशी ती दारात रांगोळी काढत होती आणि बोलता बोलता तिचे शब्द बंद पडले. इंदूरला नेलं. डॉक्टर बोलले, दिमागात छोटीशी गुठळी होती, निघून गेली, आता सगळं ठीक. हातपाय ठीक, बोलणं ठीक. पण तिचं मन मानत नाही. एकदा बुधवाऱ्यातून घरी येताना तिची गल्ली चुकली. तेव्हापासून एकटी बाहेर जात नाही. शेजारच्या मुली गणित विचारायला येत होत्या, त्यांनाही नाही बोलून दिलं.

आमचा जीवन इंदूरहून रोज फोन करतो. आई-बाबा, आखाजी (तुमची अक्षय तृतीया) झाली की घर बंद करा आणि इकडे या. ती बोलते, ठीक आहे. आधी भाजीत मीठ किती टाकायचं यावरही ती मला दोन गोष्टी ऐकवत होती. आता सगळ्याला ठीक आहे बोलते. मला त्याचीच भीती वाटते, बेटा.

मग तुझं ते मुकादमाचं पत्र आलं. तिने टेबल साफ केलं, पेन्सिलींना टोक केलं. मला बोलली, हे माझ्याकडून बराबर झालं तर मी इंदूरला जाणार नाही, आणि नाही झालं तर जीवनचंच खरं. कागद आले त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती. आणि मग तुझं दुसरं पत्र आलं, आराम कर वालं. तिने कागदांना रबर लावून कपाटात ठेवले आणि टीव्हीसमोर बसली.

तुझी काही गलती नाही, तुला माहीत नव्हतं. पण तिला काम दे. झूटमूटचं नको देऊ, ती पकडेल. गणिताची बाई आहे.

गिरधर फुवा


पुणे, २२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

कागद रद्दीत दिले नसशील अशी आशा आहे, कारण मी तोंडावर पडले आहे.

पायथॉनचा मुकादम झाला. तो फोर्ट्रानही लिहून देतो. पण तो बरोबर आहे हे कशावरून ठरवू? तुझ्या भाषेच्या नियमांचं पुस्तक तू कधी लिहिलंच नाहीस. मी नियम शोधले ते तुझा कोड वाचून, म्हणजे अंदाजाने. माझा अंदाज चुकला असेल तर मुकादम उभा राहील, पण वाकडा, आणि मग तो तापीचं गणितही वाकडं लिहील. ते कुणाच्या लक्षातही येणार नाही आणि पुराचं पाणी मात्र खऱ्या घरांत शिरेल.

यावर एकच उपाय आहे. ज्याला नियम माहीत आहेत अशा माणसाने, माझं काम न बघता, तेच लिखाण हाताने उतरवायचं. मग दोन्ही शेजारी ठेवायची. जिथे जुळणार नाहीत तिथे दोघींपैकी एक चुकली. ज्याला नियम माहीत आहेत असं माणूस जगात एकच आहे आणि ते बुधवाऱ्यात राहतं. हे मी तोंडदेखलं म्हणत नाही, योगेश सरांना विचार.

आराम कर असं मी लिहिलं होतं ते परत घेते.

प्राजक्ता


बुधवारा, बऱ्हाणपूर, १७ मार्च २०२५

चि. प्राजक्ता,

आज शेवटचं पान झालं. पुडकं उद्या कुरियरने निघेल.

कसं केलं ते सांगते. बारीक अक्षरांकडे फार वेळ बघितलं की डोकं दुखतं, म्हणून तुझ्या फुवांना वाचायला बसवलं. पहिल्या दिवशी ते इंग्रजी अक्षरं बघून घाबरले. दोन ओळी वाचल्या आणि थांबले.

"जोवर ओळ शिल्लक... अगं, हे तर मराठी आहे."

"मग काय असणार?"

"मला इतके साल वाटत होतं की तू पुण्यात मशीनशी इंग्रजी बोलत होती."

त्यानंतर त्यांना रंगच चढला. 'जर अक्षर कोरं' असं वाचून झालं की पुढची ओळ वाचायच्या आधी मला विचारायचे, मग काय होईल? मी म्हणायचे, तुम्ही सांगा. बहुतेक वेळा सांगायचे चुकीचं, पण ठामपणे. मळ्यात मोठ्याने, लांब हेल काढून बोलायची सवय असल्यामुळे वाचतातही तशाच सुरात. शेजारच्या रंभाबाई पापडाला बोलवायला आल्या आणि दारातच थबकल्या. "काय वहिनी, भाऊ पोथी वाचून राहिले का?" फुवा म्हणाले, "हो, मुकादमाची. बसा, अध्याय चालू आहे." रंभाबाई खरंच चप्पल काढून बसल्या आणि अध्याय संपल्यावर हात जोडून गेल्या. प्रसाद मिळाला नाही याबद्दल मात्र नंतर बोलल्या.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी पुण्याला काय करत होते ते या माणसाने आत्ता ऐकलं. मीही कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते कुणाला वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

आता खरं बोलते. फुवांनी तुला लिहिलं हे मला ठाऊक आहे. चिठ्ठीचा फोटो काढायला त्यांनी दुकानातल्या अक्षयला बोलावलं होतं आणि अक्षयच्या पोटात काही राहत नाही. मी रागावले नाही. तू दिलेलं कारण खरं होतं, तेही मी तपासून पाहिलं. खोटं असतं तर कागद कपाटातच राहिले असते.

मला चुकांची भीती वाटत नाही, प्राजक्ता. जन्मभर मुलांच्या चुका तपासल्या आणि स्वतःच्याही केल्या. पण दिवाळीनंतर माझ्या हातून ज्या चुका होतात त्या माझ्या वाटत नाहीत. दूध तापवून मी कपड्यांच्या कपाटात ठेवलं. पाय रोज ज्या गल्लीत आपोआप वळतात ती गल्ली मला परकी दिसली. असलं काही मी आयुष्यात केलं नव्हतं. कुणी दुसरीच बाई माझी साडी नेसून घरात वावरते आहे, आणि ती काय करील याचा मला भरवसा नाही, असं वाटत राहतं. जीवन म्हणतो इंदूरला या. जी उरली आहे ती मी नसेनच, तर मग ती कुठे का राहीना.

म्हणून माझ्या पानांत चूक सापडली तर मला सांग. गुपचूप दुरुस्त करून, आत्या, सगळं अचूक आहे हं, असं लिहू नकोस. ते मला कळेल, आणि मग मी तुझं कशावरच खरं मानणार नाही.

आत्या


पुणे, २८ मार्च २०२५

आत्या,

मुकादम उभा राहिला.

आधी ते सांगून टाकते, कारण पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले आहेत. तुझी पानं मी टाइप केली आणि माझ्या पायथॉनवाल्या फोर्ट्रानशेजारी ठेवली. एका जागी मी चुकले होते. 'पुरे' म्हटलं की त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या फक्त आतल्या फेऱ्यातून बाहेर पडायचं, मी सगळ्याच फेऱ्यांतून बाहेर पडत होते. तुझी पानं नसती तर हे मला कधीच कळलं नसतं. ते सुधारलं आणि मुकादम तयार झाला. मग त्याच्यापुढे त्याचंच मूळ लिखाण ठेवलं. त्याने लिहून दिलेला फोर्ट्रान आणि तो ज्यातून बनला तो फोर्ट्रान अगदी सारखा निघाला. योगेश सरांनी पहिल्यांदा मला चहा विचारला. तापीचं गणितही काल चाललं.

आता तुझ्या पानांबद्दल. एका जागी एक ओळ गळली आहे. तिथे पान उलटतं, म्हणून मला फुवांचा संशय येतो.

दुसरी चूक तुझी आहे. ओळी वाचून त्यांचे तुकडे करणारा जो भाग आहे, त्यात दोन फेरे आहेत. जुन्या फोर्ट्रानात फेरा घालायचा म्हणजे ओळीला नंबर द्यायचा आणि खालून 'त्या नंबरवर परत जा' म्हणायचं. दोन्ही फेऱ्यांना तू १२० हाच नंबर दिला आहेस. एकाच नंबरच्या दोन ओळी, मग परत जायचं कुठे? मशीनने तुझी पानं तिथेच अडवली.

योगेश सर म्हणाले, एक आकडा बदल आणि पुढे चल, कुणाला कळतंय. मी बोट ठेवलंही होतं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि बोट उचललं. मी ती ओळ अजून तशीच ठेवली आहे. बाकी सगळी पानं जुळतात. पण तू विचारलंस म्हणून सांगते आहे, आणि सांगताना मला फार वाईट वाटतं आहे. इंदूरचा निर्णय या एका आकड्यावर घेऊ नकोस. माझी चूक तर केवढी मोठी होती.

प्राजक्ता


बुधवारा, बऱ्हाणपूर, २ एप्रिल २०२५

चि. प्राजक्ता,

गळलेल्या ओळीचा तपास लागला. त्या दिवशी तुकईथडहून फोन आला होता, घड कापायला माणसं आली होती, आणि बोलता बोलता फुवांनी एका ओळीवरून उडी मारली. त्यांनी गुन्हा कबूल केला आहे.

आता १२०चं. मुकादम मी का लिहिला हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. लोकांना वाटायचं, मराठीच्या प्रेमापोटी. तसं काही नव्हतं. नोकरीला लागले तेव्हा माझी आकडेमोड चोख होती, पण ओळींना नंबर देताना मी हमखास घोटाळा करायचे. एकच नंबर दोन जागी. समजतं सगळं, आणि हात तरी तेच करतो. सुधाकर साहेब म्हणून आमचे वरिष्ठ होते. प्रोग्रॅम अडला की ते न बघताच म्हणायचे, प्रतिभाबाईंचा नंबर दोनदा आला असेल. आणि आलेला असायचा. सगळी खोली हसायची. मी घोकून बघितलं, मोजून बघितलं, रंगीत पेन्सिली वापरून बघितल्या. शेवटी वैतागून ठरवलं, नंबर द्यायचं काम माझ्याकडे नकोच, ते मशीन करील. त्यातून मुकादम झाला. जर, नाहीतर, जोवर हे सगळं मागाहून सुचलेलं.

परवा तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. १२० पर्यंत आले आणि इतकी हसले की तुझे फुवा हातातली पिशवी टाकून धावत आले. त्यांना वाटलं, पुन्हा काहीतरी झालं.

"काय झालं?"

"चूक निघाली माझी."

"मग हसते काय?"

"अहो, माझीच आहे. ही माझीच चूक आहे."

त्यांना कळायला वेळ लागला. मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते खुर्चीवर बसले आणि डोळे पुसायला लागले, आणि मग मीही. गुठळी आली आणि गेली, गल्ली चुकली, दूध कपाटात गेलं, आणि एवढ्या सगळ्यातून ती चूक अगदी जागच्या जागी राहिली आहे. पंचविशीत होती तशी. जिच्या हातून ती व्हायची ती बाई अजून या घरात आहे म्हणायची. तू ती गुपचूप दुरुस्त केली असतीस तर मला हे कधी कळलं नसतं.

दुसऱ्या जागी कोणता नंबर घालायचा ते मला विचारू नकोस. मी सांगेन तो आधीच कुठेतरी वापरलेला असेल.

काल मी एकटी बाहेर पडले. फुवा मागून दहा पावलांवर येत होते, मला दिसू नये अशा बेताने, आणि मी ते बघितलं नाही असं दाखवलं. मावा जिलेबी घेतली. परत येताना एका वळणावर थांबावं लागलं, मग आठवलं. तसं पुढेही होईल, मला माहीत आहे.

संध्याकाळी जीवनला फोन केला. म्हटलं, आम्ही येत नाही, आखाजीला तूच सगळ्यांना घेऊन इकडे ये. तो घाबरला. आई, पण तुझी तब्येत? मी म्हटलं, छान आहे, अगदी पूर्वीसारखी चुकते आहे.

आत्या